ड्रायव्हरची सीट मागे वळवायची तर

व्हॅनच्या कामासाठी मी एक दोनशे पानी वही केली होती. पहिल्या पानावर छप्पर, दुसऱ्यावर वीज, तिसऱ्यावर पाणी, चौथ्यावर पलंग आणि कपाटं. फेब्रुवारी संपेपर्यंत या चारही पानांवरच्या ओळींवर रेघा ओढून झाल्या. पाचव्या पानावर एकच काम उरलं होतं: पुढच्या दोन सीटा. गाडी उभी केली की त्या मागे वळून आतल्या बाकाच्या समोर आल्या पाहिजेत. मी या कामाला एक रविवार दिला होता. बाकाच्या गाद्यांच्या खोळींना दोन दिले होते, यावरून माझा अंदाज काय होता ते कळेल.

गाडी म्हणजे एके काळी शाळेची मुलं नेणारी बारा सीटांची व्हॅन. पुसदहून जुनी घेतली, मागच्या सीटा काढल्या आणि सुताराकडून आत एक लहानसं घर बसवून घेतलं. दिग्रसमध्ये असं काही कोणी केलेलं नव्हतं. दवाखान्यात मी औषधांचा साठा सांभाळते, तिथे खिडकीशी आलेले लोकसुद्धा गोळ्या घेता घेता विचारायचे, "म्याडम, हा खटाटोप कायले?" मी सांगायची, "फिरायची हौस." उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

माझा नवरा हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत असे. गावात सगळे त्यांना सर म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. पंचेचाळिशीपासून त्यांचे कान कमी व्हायला लागले. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न ऐकू येईना, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. दोन्ही कानांत यंत्रं आहेत. घरात मी एकटी समोर बसून बोलले की काम भागतं. पण वरती पंखा, बाजूला भांडी आणि चारजण बोलणारे असले की त्यांच्या कानात सगळ्या आवाजांचा काला होतो. मग ते मान हलवतात आणि हसतात.

फुलसावंगीची माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि आम्ही दोघं, असे चौघं दरवर्षी चार-पाच दिवस कुठेतरी जात होतो. दोन वर्षांपासून सरांनी ते बंद केलं. "तुमी जा. घरी कोणी पाह्यजे ना." घरी राखण करण्यासारखं एक तुळशीचं झाड आहे. पहिल्या वर्षी मी त्यांना सोडून गेले, दुसऱ्या वर्षी मीही गेले नाही. आधी सहल सुटली, मग लग्नांच्या पंगती सुटल्या, मग संध्याकाळचा चौकही सुटला. हे असंच चालू राहिलं तर हा माणूस घराच्या फाटकाबाहेर पडायचा नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. ढाबा नको, लॉजचं जेवणघर नको. आपलीच चार भिंतींची शांत खोली घेऊन फिरायचं, भिंतींना आतून जाड कापड लावायचं म्हणजे आवाज घुमणार नाही, आणि चार माणसांनी हाताच्या अंतरावर समोरासमोर बसायचं. यासाठी ती व्हॅन होती आणि यासाठीच त्या सीटा वळायला हव्या होत्या.

वहीत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. सरांना आवडलं नसतं.

सीटांचं काम मी पुसद रोडवरच्या एका मिस्त्रींना दिलं. तीस वर्षं त्यांनी कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी-रुई वेगळी करण्याच्या कारखान्यात, फिटर म्हणून काढली, आता ट्रॉल्या, फाटकं आणि वखराची पाती जोडून देतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माणूस वागायला थोडा विचित्र वाटला. मी दुकानात शिरले तशी मला हाताने आत सरकवलं, स्वतः शटरकडे पाठ करून उभे राहिले, आणि पश्चिमेचं सगळं ऊन माझ्या तोंडावर. मी जरा बाजूला झाले, तर तेही बाजूला झाले. "इथंच राहा ताई, इथंच." गिऱ्हाइकाला सावलीत उभं करावं एवढीही रीत नाही, असं मनात म्हणत मी वहीत टिपून ठेवलं: दुपारी चारनंतर जाऊ नये.

माझी यादी त्यांनी दोनदा वाचली. अठरा ओळी होत्या. मापं, पत्र्याची जाडी, सीटच्या पट्ट्याचे बोल्ट, परिवहन कार्यालयात बदलाची नोंद करायचा कागद, सगळं होतं.

"लिहिलं बराबर हाये," चाचा म्हणाले. "पण सीट फिरवाची कायले?"

"गप्पा मारायला."

"कोणासंग?"

"आमचेच लोक. चारजण."

"मंग मान फिरवाची ना. मान फुकट फिरते."

मी मोबाइलवर त्यांना व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या व्हॅनमध्ये एक बाई एका बोटाने सीट वळवते आणि कॉफी पिते. आमच्या गाडीसाठी अशी तयार प्लेट कुठेच मिळत नव्हती. चाचांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला, बाईकडे नाही, सीटखाली. मग म्हणाले, "हे तं आमचा प्रेस हाये."

जिनात कापसाच्या गाठी बांधायचा जुना प्रेस असतो, हे मला माहीत होतं. तो फिरतो हे माहीत नव्हतं. मधे एक खांब, त्याच्या दोन बाजूंना दोन लोखंडी पेट्या. एकीत माणसं रुई भरून पायांनी तुडवतात, दुसरीत त्याच वेळी गाठ दाबली जाते. मग पेट्या खांबाभोवती अर्धा फेरा घेतात, भरलेली दाबाखाली जाते आणि रिकामी भरायला येते. "ठासून भरलेली पेटी दोन माणसं ढकलून फिरवत," चाचा म्हणाले. "अन् जागेवर आली का खिट्टी पडे. खिट्टी नाई पडली तं पेटी चालली माणसाच्या अंगावर. फिरवणं सोपं हाये ताई. थांबवणं अवघड हाये."

त्या खिट्टीवर, म्हणजे पेटी जागेवर अडकवणाऱ्या खुंटीवर, ते पाऊण तास बोलले. मी घरी येऊन वहीत एकोणिसावी ओळ वाढवली.

पहिल्या रविवारी डावीकडची, म्हणजे माझी सीट झाली. सीटखालच्या लोखंडी डब्यावर एक जाड प्लेट, सीटच्या बुडाला दुसरी, मधे बेअरिंग, आणि बाजूला स्प्रिंगची खिट्टी. बसवली तेव्हा सीट दोन इंच उंच झाली आणि माझे पाय अधांतरी लटकायला लागले. सर म्हणाले, "पाळण्यात बसल्यावानी दिसून राह्यली." मग डबा दोन इंच कापला. फिरवून पाहिली तर सीटची पाठ दाराला अडकली. म्हणजे दार उघडूनच वळवायची, नवी ओळ. संध्याकाळपर्यंत सीट फिरली, आणि खिट्टी बसताना असा खट्ट आवाज आला की माझं मन भरून आलं. पाचव्या पानावरच्या अर्ध्या ओळींवर मी तिथेच बसून रेघा ओढल्या.

मग चाचणी. मी मागे तोंड करून माझ्या वळलेल्या सीटवर, सर समोर बाकावर. अगदी ठरवलं होतं तसं, हाताच्या अंतरावर. इंजिन बंद, पंखा नाही, भिंतींना कापड. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "चाय घेता का कॉफी?"

सरांनी मान हलवली आणि हसले.

ते हसू मी ओळखते. मी पुन्हा विचारलं. पुन्हा मान हलली. सहा महिन्यांचं काम, सुतार, वायरमन, कापड, बेअरिंग, आणि हा माणूस माझ्यापासून दोन हातांवर बसून मला लग्नाच्या पंगतीत करतो तसंच करत होता.

चाचा दाराशी पाना पुसत उभे होते. ते आत चढले आणि माझ्या खांद्यावरून मागे, पुढच्या काचेकडे बोट दाखवलं.

"ताई, तुमी उजेडाले पाठ देऊन बसल्या. सरांना तुमचं तोंड नाई दिसून राह्यलं, नुसती सावली दिसते. ओठ दिसल्याबिगर त्याईले समजन कसं?"

सर चाचांकडे पाहत होते.

"तुमाले कोणी सांगतलं?" सरांनी विचारलं. आवाज कडक होता. त्यांना वाटलं मी सांगितलं.

"कोणी कायले सांगन? चाय का कॉफी विचारलं अन् तुमी मान हलवली. हे मी पंधरा वर्षं करून राह्यलो, सर." चाचांनी उजव्या कानाला हात लावला. "जिनानं माहे कान खाल्ले. हा तं गेलाच. डावा हाये थोडा. म्हनून तं मी दुकानात शटरकडं पाठ करतो. गिऱ्हाइकाच्या तोंडावर ऊन पडलं का मले सगळं ऐकू येते."

मी ज्याला उद्धटपणा समजून वहीत टिपलं होतं, ते हे होतं. अठरा ओळींची यादी मी त्यांच्या हातात दिली, पण काम कशासाठी आहे ही एकच ओळ त्यांच्यापासून लपवली. आणि ज्याला त्यातलं सगळ्यात जास्त कळत होतं, त्याच्यापासूनच लपवली. त्यांना आधी कळतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की सीट तुमची नाही, सरांची वळायला हवी. उजेड सरांच्या पाठीशी आणि बाकीच्यांच्या तोंडावर.

"म्हंजे डायव्हरची," मी म्हणाले.

"डायव्हरची," चाचा म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारला, कारण ती सीट वळवणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.

पण त्या दिवशी सीटचं पुढे काही झालं नाही, कारण सरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. जिनात एवढ्या आवाजात तुम्ही एकमेकांशी बोलत कसे होते? चाचांनी पाना खाली ठेवला. मूठ वर केली: गाठ तयार. मनगटावर दोन बोटं घासली: पट्टा घसरला. मिशीला पीळ दिला: मालक येऊन राह्यला. आडवा तळवा हवेत फिरवला: मशीन बंद करा.

"किती निशाण्या होत्या अशा?" सरांनी विचारलं.

"कोणी मोजल्या? तीस असन, चाळीस असन. शिव्या वेगळ्या."

"शिव्या दाखवा."

"ताई हायेत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू चाय आणाले जा."

मी गेले. परत आले तेव्हा दोघं हसून लाल झाले होते आणि कोणीच मला काही सांगितलं नाही. सरांनी मला नको म्हणून बाजूला पाठवणं हे मला कित्येक वर्षांत नवीनच होतं, आणि मला त्याचा राग आला नाही.

ड्रायव्हरच्या सीटला एक नाही, चार रविवार लागले. मधल्या दिवसांतही सर रोज दुकानात जायचे, "सीट पाह्यतो जरा," म्हणून. मीही दवाखान्यातून सुटल्यावर जायची. आता माझ्या तोंडावर ऊन पडलं तरी मी हलत नव्हते.

अडचणी अशा होत्या. सीट मधोमध फिरवली तर गुडघे स्टेअरिंगला अडतात. म्हणून फिरण्याचं केंद्र मधे न ठेवता मागे आणि आतल्या बाजूला घ्यायचं. किती? चाचा म्हणाले, चार बोटं. मी म्हणाले, बोटं चालणार नाहीत, मिलिमीटर सांगा. त्यांनी हात पुढे केला. मी टेपने त्यांची चार बोटं मोजली आणि आकडा वहीत लिहिला. चाचा सरांना म्हणाले, "तुमच्या घरी मीठही असंच मोजून टाकतेत का?" सरांना हे पहिल्याच वेळी कळलं. ते म्हणाले, "मीठ मी टाकतो, म्हणून वाचलो."

त्यानंतर हँडब्रेक. तो दोन सीटांच्या मधे आहे, आणि वर ओढलेला असला की वळणारी सीट त्याला अडते. म्हणजे सीट वळवताना ब्रेक खाली हवा, आणि नेमकी तेव्हाच गाडी जागची हलायला नको. ब्रेकच्या दांड्याला हात लावायला चाचांनी साफ नकार दिला. "ब्रेक कंपनीनं जिथं दिला तिथंच राहीन. तुमी क्रम बदला." मग आम्ही क्रम ठरवला. गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, मग ब्रेक खाली, दार उघडून सीट मागे सरकवून वळवायची, आणि वळली की ब्रेक पुन्हा वर. हा क्रम मी मोठ्या अक्षरांत लिहून काचेच्या वर चिकटवला. सर म्हणाले, "मले वाचता येते, पण एवढं मोठं नको लिहू, वाटसरूही वाचून राह्यले."

सगळ्यात जास्त वेळ खिट्टीने घेतला. बाजूची सीट चालत्या गाडीत हलली तर माणूस ओरडतो. ड्रायव्हरची हलली तर ओरडायलाही कोणी उरत नाही, असं चाचांचं म्हणणं. त्यांनी एकाऐवजी दोन खिट्ट्या दिल्या, एक पुढे आणि एक मागे. मी खुश होते, कारण दोन्ही बसताना खट्ट खट्ट असा छान आवाज येत होता. चाचा मात्र खिट्टीकडे बघत बसले. मग सरांना म्हणाले, "हा आवाज तुमाले येते का?"

"नाई."

"मलेही नाई."

त्यांनी दोन्ही खिट्ट्या काढल्या आणि त्यांच्या मानेला लाल रंग दिला. खिट्टी पुरती भोकात बसली की लाल भाग आत जातो. जरा जरी वर राहिली तर लाल दिसतो. "लाल दिसलं तं गाडी चालू कराची नाई. बस." मी इतके दिवस कानांचा विचार करत होते, तरी ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ऐकू येणारा माणूस कुलूप लावतानाही कानाने लावतो, हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. त्या रात्रीपासून मी घरातल्या वस्तूंकडे तसं पाहायला लागले. कुकर, दाराची बेल, गॅसचं बटण. त्याची एक वेगळी यादी झाली, पण तो या लेखाचा विषय नाही.

शेवटची परीक्षा चाचांनी स्वतः घेतली. सीटला सरकीचं पोतं पट्ट्याने बांधलं, पोत्याला साखळी, साखळी शेजारच्या ट्रॅक्टरला. ट्रॅक्टर ओढत गेला. व्हॅन ठोकळ्यांवर करकरली, एक ठोकळा फुटला, गाडी हातभर पुढे सरकली, पण सीट जागची हलली नाही. चाचांनी वाकून लाल रंग शोधला. तो दिसला नाही. तेव्हा ते पहिल्यांदा त्या सीटवर बसले. बदलाची नोंदही कागदावर झाली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही फुलसावंगीला गेलो. सहलीचं काही ठरलं नव्हतं. मी फक्त बहिणीला सांगितलं होतं की गाडी दाखवायला येतो. सर येतो म्हणाले, पण "जेवण झालं का निघू," हेही म्हणाले. लग्नाला जातानाही ते असंच म्हणायचे.

बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या जावयांच्या, शेतात आंब्याखाली गाडी उभी केली. सरांनी ठोकळे लावले, सीट वळवली, खाली वाकून लाल रंग पाहिला. मी, बहीण आणि तिचा नवरा असे तिघं बाकावर. माझी ती आधी केलेली डावी सीट रिकामीच राहिली. तिच्यावर पाण्याची कॅन ठेवली. दुपारचा उजेड पुढच्या काचेतून सरांच्या पाठीवरून आत येत होता आणि आम्ही तिघं त्यात फोटो काढायला बसल्यासारखे दिसत होतो.

"बापा! हे तं टीव्हीतल्यावानी दिसून राह्यलं," बहीण म्हणाली आणि नेहमीसारखा तोंडावर पदर धरून हसली.

"पदर काढ," सर म्हणाले.

ती चपापली. "काहून भाऊजी?"

"तोंड झाकलं तं मले समजत नाई. मले ऐकू येत नाई, माहीत हाये ना तुले? ओठ पाहून समजते. म्हणूनच ही सीट फिरवली."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीही ऐकलं नव्हतं. माझ्याशीसुद्धा नाही. बहिणीने पदर सोडला आणि तिला हात कुठे ठेवावे ते कळेना. तिचा नवरा बाहेर कापसाच्या वाळलेल्या काड्या, पळाट्या, पाहायला लागला.

"तिकडं नको, इकडं पाह्य," सर त्याला म्हणाले. "मले एक विचाराचं हाये. आपण लोणारले गेलतो. ढाब्यावर जेवाले बसलो. मी त्या पोराले भाकरी सांगतली, अन् तुमी तिघंही एकदम हसले. कायले हसले होते?"

मला आठवेना. बहिणीला आठवेना. दोन वर्षं. म्हणजे तिथून सुरुवात होती. मला वाटत होतं सहल कानांमुळे सुटली, पण कान तर आधीच गेले होते. सरांना वाटलं होतं की आपण भाकरी इतक्या मोठ्याने मागितली, किंवा असं काही भलतंच बोललो, की घरचे लोकही हसले.

"चपला," जावई एकदम म्हणाले. "चपला होत्या थ्या!"

"हो की!" बहीण म्हणाली. "यायनं देवळातून निघताना..." तिचा हात पदराकडे गेला आणि परत खाली आला. ती सरांकडे तोंड करून नीट, एकेक शब्द सांगायला लागली. "देवळातून निघताना यायनं चपला घातल्या. एक आपली, एक दुसऱ्याची. दोन्ही डाव्या पायाच्या. अन् तसेच सरोवराच्या काठानं फिरले दुपारपर्यंत. ढाब्यावर पाय धुवाले गेले तेव्हा समजलं. तुमी त्या पोरासंग बोलत होते तेव्हाच हे पाय वर करून दाखवत होते."

"दोन्ही डाव्या?" सरांनी विचारलं.

"दोन्ही डाव्या," जावई म्हणाले. "मले वाटलं, आज पाय सुजला."

सर हसले नाहीत. मला भीती वाटली की आता ते म्हणतील, चला निघू.

"मंग त्या दुसऱ्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या दुसऱ्याचं?"

"ज्याची चप्पल तू नेली त्याचं. तुह्याकडं दोन डाव्या, तं त्याच्याकडं दोन उजव्या राहिल्या असतीन ना. थो कसा घरी गेला असन?"

तेव्हा आम्ही तिघं एवढे हसलो होतो, आणि त्या माणसाचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. आधी बहीण हसली, उघड्या तोंडाने. मग सर हसले, आणि ते मान हलवून केलेलं हसू नव्हतं.

"त्याले शोधाले जाऊ मंग," जावई डोळे पुसत म्हणाले. "येता का?"

"येतो ना," सर म्हणाले. "गाडी मी चालवतो."